चॅप्टर केस कुठून आली? कोकणातून बघितलेला आपल्या फौजदारी कायद्याचा इतिहास

शिमगा जवळ आला की कोकणातल्या काही ठराविक गावांत ढोल बाहेर निघायच्या आधी पोलीस स्टेशनची नोटीस येते. पालखी आधी कोणाच्या अंगणात, मान कुठल्या वाडीचा, खांद्याला कोण लागणार, यावरून ज्या गावात दोन गट आहेत तिथे हे दरवर्षीचं. दोन्हीकडची दहा-पंधरा नावं काढतात, तहसीलदार ऑफिसला बोलावतात, तिथे जामीनदार उभा करायचा, बॉण्डवर सही करायची की मी अमुक महिने शांतता राखीन, नाहीतर एवढी रक्कम सरकारजमा. एकाला विचारलं, अरे कशावर सही केलीस, तर म्हणतो, "माका काय म्हायत, सांगल्यानी सही कर, केलंय."

याला आपल्याकडे चॅप्टर केस म्हणतात. आता यात गंमत बघा. या माणसाने अजून काहीच केलेलं नाही, कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही, तरी तो सरकारच्या कागदावर बांधला गेला. आणि बांधणारा जज्ज नाही, तहसीलदार आहे, म्हणजे ज्याच्याकडे आपण उत्पन्नाचा दाखला आणायला जातो तोच साहेब कार्यकारी दंडाधिकारी म्हणून खुर्चीवर बसलेला असतो. हे असं का? महसूलवाला माणूस फौजदारीत कसा घुसला?

आपण "इंग्रजांचा कायदा" म्हटलं की लगेच ३०२ आणि ४२० वर जातो. पण खून आणि फसवणूक हे गुन्हे इंग्रज नसते आले तरी गुन्हेच राहिले असते. इंग्रज साहेबाचा खरा शिक्का बघायचा तर या चॅप्टर केसमध्ये, तडीपारीत, जमावबंदीत बघा. माझं मत विचाराल तर आपली यंत्रणा आधी बंदोबस्तासाठी बांधली गेली, न्यायाची खोली नंतर जोडली. ते कसं झालं ते जरा मागून सांगतो, लांबेल थोडं, पण वाचा.

कोकण काही एका दिवसात इंग्रजांकडे गेलं नाही, तुकड्यातुकड्याने गेलं. मंडणगडातलं बाणकोट १७५६ च्या तहाने, मालवण आणि वेंगुर्ला १८१२ ला, पेशवाई बुडाल्यावर १८१८ ला बाकीचा मोठा भाग, अलिबागकडचं आंग्र्यांचं संस्थान १८४० ला खालसा. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं तर १९४८ पर्यंत होती. म्हणजे एकाच किनाऱ्यावर खाडी ओलांडली की राजा वेगळा आणि न्याय करणारा पण वेगळा. पलीकडे गोव्यात पोर्तुगीज, त्यांचा दंडकायदा वेगळाच, तो तिथे गोवा मुक्त होईपर्यंत चालला.

त्याच्या आधी काय होतं? पाटील, खोत, देशमुख, वर मामलेदार (आजचा तहसीलदार), आणि भांडण मोठं असेल तर गोतसभा किंवा मजालस बसायची. वादी-प्रतिवादींचे करीने म्हणजे लेखी म्हणणं घ्यायचं, साक्षी घ्यायच्या, निवाडपत्र द्यायचं. साक्षीपुरावा जुळत नसेल तर दिव्य. त्यातलं रवा नावाचं दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हाताला पट्टी बांधून वर मोहोर लावायची, काही दिवसांनी सगळ्यांसमोर सोडून बघायचं, फोड आले नसतील तर खरा. शिक्षा बहुतेक वेळा दंडाची, मोठ्या गुन्ह्याला किल्ल्यावर कैद, हातपाय तोडणं, क्वचित देहदंड. आणि जात बघून शिक्षा, ब्राह्मणाला सहसा देहदंड नाही. काही लोक हल्ली लिहितात की तेव्हा किती झटपट आणि छान न्याय व्हायचा, त्यांनी एकदा त्या तेलात हात घालून बघावा.

पण एक गोष्ट खरी, त्या पद्धतीत भांडण मिटवून दोन घरं परत एकाच पाणवठ्यावर पाणी भरायला लागली पाहिजेत हा हेतू असायचा. गुन्हा हा गावात बिघडलेला मामला होता, सरकारविरुद्धचा अपराध नव्हता. इंग्रजांनी तो उलटा केला. आज कोर्टात "सरकार विरुद्ध अमुकतमुक" अशी केस पुकारतात, आणि ज्याचं डोकं फुटलं तो बिचारा नुसता फिर्यादी, साक्षीदार नंबर एक. त्याला आपल्याच केसचं काय चाललंय ते कळत नाही, ते त्या उलट्या मांडणीमुळे.

१८१८ नंतर दक्षिण कोकणचा कारभार आधी बाणकोटला बसला, १८२२ ला तो रत्नागिरीला हलवला. जिल्हा केवढा, रस्ते नाहीत, पावसात चार महिने सगळं बंद, आणि गोरे अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग सोय काय केली, जो सारा गोळा करतो त्या कलेक्टरलाच मॅजिस्ट्रेट केलं, खाली मामलेदाराला पण तोच अधिकार थोडा थोडा दिला. यात काही थोर तत्त्व वगैरे नव्हतं, माणसं कमी होती आणि सारा वेळेवर यायला हवा होता एवढंच. आजच्या तहसीलदाराच्या टेबलावरची चॅप्टरची फाइल तिथून येते.

मुंबईचा गव्हर्नर तेव्हा एल्फिन्स्टन. त्याने १८२७ मध्ये सगळे नियम एकत्र छापून काढले, त्यात १४ नंबरचं रेग्युलेशन गुन्हे आणि शिक्षांचं. ही बाब थोडी विसरली जाते, की बंगालमध्ये तेव्हा कंपनी मुसलमानी फौजदारी कायद्यात डागडुजी करून काम चालवत होती आणि आपल्या मुंबई इलाख्यात मात्र पीनल कोडच्या तेहतीस वर्षं आधी लेखी फौजदारी कायदा आला होता. पण त्याच वर्षीच्या त्याच पुस्तकात २५ नंबरचं रेग्युलेशन पण होतं. ते सांगत होतं की सरकारला राज्याच्या दृष्टीने धोक्याचा वाटणारा माणूस खटला न चालवता अडकवून ठेवता येईल. म्हणजे एका पानावर आरोप, साक्ष, शिक्षा असं सगळं रीतसर, आणि चार पानं पुढे यातलं काहीच लागत नाही. पुण्याच्या नातू बंधूंना १८९७ मध्ये याच जुन्या रेग्युलेशनखाली उचललं होतं, सत्तर वर्षांनी, आरोपपत्र नाही काही नाही.

रत्नागिरीकरांना हे दुसरं पान समजावून सांगायला नको खरं तर, थिबा पॅलेस रोज बघतो आपण. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, १८८५ ला त्याचं राज्य घेतलं, मग त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं आणि १९१६ ला तो इथेच वारला. तीस वर्षं. कुठल्या कोर्टाने त्याला कुठल्या कलमाखाली शिक्षा दिली? कोणीच नाही, तो गुन्हेगार नव्हताच, राजकैदी होता. त्याच्यानंतर सावरकर. त्यांना रीतसर खटल्यात शिक्षा झाली होती हे खरं, दोन जन्मठेपा, अंदमान, १९२१ ला तिथून परत आणल्यावर रत्नागिरीच्या तुरुंगात पण ठेवलं होतं. पण १९२४ ला तुरुंगाबाहेर काढताना अट घातली की रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही, अट आधी पाच वर्षांची, मग वाढवत वाढवत १९३७ पर्यंत. सावरकरांबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, इथे तो विषय नाही. विषय हा की ना रेल्वे ना धड रस्ता असलेला अख्खा जिल्हाच सरकारने कोठडी म्हणून वापरला. आजची तडीपारी याच्या उलटी, तिथे जिल्ह्यात डांबायचे, इथे जिल्ह्याबाहेर काढतात, पण अक्कल तीच, माणूस त्याच्या माणसांपासून तोडायचा. तडीपारी १९५१ च्या पोलीस कायद्याखाली (आधी मुंबई, आता महाराष्ट्र पोलीस कायदा) होते, दोन वर्षांपर्यंत, आणि ग्रामीण भागात तो आदेश बहुतेक वेळा प्रांतसाहेब म्हणजे उपविभागीय अधिकारी काढतात, परत महसूलवालेच.

आता मोठ्या कायद्यांकडे येऊ, हे भराभर सांगतो कारण शाळेत झालेलं असतं. मेकॉलेच्या आयोगाने पीनल कोडचा मसुदा १८३७ ला दिला आणि तो वीस वर्षं धूळ खात पडला. १८५७ झालं, राणीचं राज्य आलं, मग घाई सुटली. १८६० ला पीनल कोड पास, १ जानेवारी १८६२ पासून लागू. १८६१ ला क्रिमिनल प्रोसिजर कोड. १८६२ ला मुंबई हायकोर्ट. १८७२ ला पुराव्याचा कायदा. पोलिसांचा म्हणून १८६१ चा कायदा सगळे सांगतात, पण आपल्याकडे मुंबई इलाख्यात जिल्हा पोलिसांचे कायदे वेगळे होते, १८६७ चा, मग १८९० चा, आणि आज चालतो तो १९५१ चा. गावच्या पोलीस पाटलाचा पण कायदा स्वतंत्र, तो १८६७ चा होता, मग १९६७ ला नवा केला.

पीनल कोड स्वतः वाईट नव्हता हे कबूल करायला पाहिजे. भाषा नेटकी, उदाहरणं दिलेली, आणि कागदावर तरी चोर तो चोर, त्याची जात विचारायची नाही. कोकणासारख्या ठिकाणी ही लहान गोष्ट नव्हती. पण कातडीचा रंग मात्र विचारायचे. जिल्ह्यातल्या हिंदी मॅजिस्ट्रेटने गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा नाही असा नियम होता, १८८३ ला इल्बर्ट बिल आणून तो काढायला गेले तर गोऱ्यांनी एवढा गोंधळ घातला की शेवटी तडजोड झाली, गोऱ्या आरोपीला निम्मे गोरे असलेली ज्युरी (दोषी की निर्दोष ते सांगणारे साधे नागरिक) मागता येईल अशी.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं, २५ वं (२०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते २३ वं). पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पिक्चरमध्ये इन्स्पेक्टर दोन फटके देतो आणि हा सगळं कबूल करतो, मग केस संपली असं दाखवतात, प्रत्यक्षात त्या कबुलीला कोर्टात किंमत शून्य, मॅजिस्ट्रेटसमोर रीतसर दिलेली असेल तरच. गडग्याच्या (हद्दीच्या दगडी कुंपणाच्या) भांडणात तुम्ही साक्षीदार म्हणून स्टेशनला जबाब दिलात तर त्यावर तुमची सही घेत नाहीत, घ्यायची नसतेच, ते पण याच संशयातून आलं. कोणाचा संशय? सरकारचा स्वतःच्याच पोलिसांवरचा. पोलीस मारून कबूल करून घेतात हे साहेबाला पक्कं माहीत होतं, कंपनीच्या काळात मद्रासकडे सारा वसुलीतल्या मारहाणीची चौकशी पण झाली होती. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने तर पोलीस भ्रष्ट आणि जुलमी आहेत असं सरळ लिहून टाकलं. पण पोलीस सुधारायचे सोडून सरकारने आधीच काय केलं होतं, तर पोलिसांच्या शब्दाची कोर्टातली किंमत कमी केली होती. पगार तुटपुंजे, माणसं कमी, हातात दंडुका, आणि तपासाचं शिक्षण जवळजवळ नाही. बंदोबस्ताला एवढं पुरतं, तपासाला पुरत नाही. आजही शिमग्यात, गणपतीत, मंत्र्याच्या दौऱ्यात अख्खं स्टेशन बाहेर असतं आणि चोरीच्या तपासाचा कागद टेबलावर फडफडत असतो, यात त्या हवालदाराचा काही दोष नाही, तो आपला दोन-दोन दिवस उभा असतो.

दुसरी बाजू अशी की सरकारला पैसा हवा होता म्हणून नवीनच गुन्हे तयार झाले, आणि याचा मार कोकणाला जास्त बसला. मीठ आपल्या दारात पिकतं, पण परवान्याशिवाय बनवलं की गुन्हा. जंगलातलं लाकूड-गवत पिढ्यानपिढ्या आणत होते, जंगल कायदा आल्यावर तो गुन्हा. माडाची माडी काढणं हा भंडारी समाजाचा धंदाच, १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडागणिक कर बसला आणि कर न भरता माड छेदला की गुन्हेगार. काल जे रोजचं काम होतं त्याला आज दंड. म्हणूनच १९३० ला शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबरला जंगल सत्याग्रह, तिथे पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली, त्यात मामलेदार जोशी पण गेले. मामलेदार तिथे होता कारण तो मॅजिस्ट्रेट होता, बघा, परत तोच धागा.

(दारूचं तर पुढेही चालूच राहिलं. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि गोवा शेजारी, त्यामुळे इन्सुली-बांद्याच्या बाजूला पकडलेल्या बाटल्यांच्या केसेस सिंधुदुर्गातल्या कोर्टांना काही कमी नाहीत.)

राजद्रोहाचं कलम १२४-अ हे मूळ १८६० च्या कायद्यात नव्हतं, १८७० ला घुसवलं. आणि ते गाजलं ते रत्नागिरीत जन्मलेल्या माणसामुळे. टिळकांवर १८९७ ला पहिला खटला, नऊ जणांची ज्युरी, सहा युरोपियन आणि तीन हिंदी, निकाल सहा विरुद्ध तीन, दीड वर्ष सक्तमजुरी. १९०८ ला परत, सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. म्हणजे थिबाच्या देशातला राजा आपल्याकडे आणि आपल्याकडचा पुढारी त्याच्या देशात, एकाच वेळी. १९०८ चे जज्ज दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या बाजूचे वकील होते, हे वाचलं की काय बोलावं कळत नाही. ज्युरी पण मुंबईतल्या मोठ्या खटल्यांची चैन, मोफसलमध्ये म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत बऱ्याच ठिकाणी जज्जाशेजारी दोन असेसर बसायचे, त्यांचं मत विचारायचं आणि नाही पटलं तर सोडून द्यायचं.

स्वातंत्र्यानंतर काय बदललं? बरंच, उगाच सगळं तसंच आहे म्हणणं बरोबर नाही. १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला, ज्यात जन्मालाच गुन्हेगार ठरवत होते. फटक्यांची शिक्षा आणि काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ च्या कायद्यांनी गेली. मुंबई राज्याने १९५१ मध्येच कायदा करून न्यायदंडाधिकारी महसुलापासून वेगळे केले, देशभर ते १९७३ च्या नवीन प्रोसिजर कोडने झालं, १९७४ पासून लागू. नानावटी या नौदल अधिकाऱ्याला खून खटल्यात ज्युरीने सोडल्यानंतर ज्युरीवरचा विश्वास उडाला आणि १९७३ च्या कोडात ज्युरी राहिलीच नाही. पण वेगळं करताना शिक्षा देण्याचं काम तेवढं जज्जांकडे गेलं. शांततेचा बॉण्ड, जमावबंदी, हे तहसीलदार-प्रांतांकडेच ठेवलं. १९६९-७० च्या सुमाराला समाजवादी नेते मधु लिमये यांनी याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं, सात न्यायाधीश बसले, त्यांनी १९७० मध्ये ही कलमं घटनेत बसतात असं सांगितलं, मात्र चौकशी सुरू केल्याशिवाय तात्पुरता बॉण्ड सुद्धा मागता येणार नाही ही अट स्पष्ट केली.

मग १ जुलै २०२४. पीनल कोडची ५११ कलमं जाऊन न्याय संहितेची ३५८ आली, ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८, मारहाण-शिवीगाळ-धमकीचं आपलं पाठ असलेलं ३२३, ५०४, ५०६ हे ११५, ३५२, ३५१ झालं. कुठल्याही स्टेशनला झिरो एफआयआर, फोनवरून-ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही, झडतीचं व्हिडिओ शूटिंग, फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची माहिती, या गोष्टी चांगल्याच आहेत. व्हिडिओमुळे तरी स्टेशनसमोरचा तोच तो टपरीवाला प्रत्येक पंचनाम्याला पंच म्हणून उभा राहायचा बंद होईल अशी आशा. पण पोलीस कोठडीचे १५ दिवस पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या १५ दिवसांतच घ्यावे लागायचे, आता ते पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तोडून तोडून घेता येतात, आणि हा बदल मला तरी इंग्रजांच्याही पुढचा वाटतो. प्रोसिजर कोडच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत चॅप्टरचं कलम १०७ होतं ते १२६ झालं, जमावबंदीचं १४४ होतं ते १६३. मजकूर जवळपास तोच, खुर्ची तीच.

तर नोटीस आली तर काय करायचं? एक, हा गुन्हा दाखल झालेला नाही, त्यामुळे घरात रडारड नको. दोन, नोटिशीत तुमच्याविरुद्ध नेमकी काय माहिती आहे ते लिहिलेलं असायला पाहिजे, नुसतं "शांतता भंग होण्याची शक्यता" एवढंच असेल तर ते लेखी उत्तरात मांडा. तीन, वकील घेऊन जाता येतं, आपले साक्षीदार देता येतात, चौकशी होते, सही करणं हा एकच रस्ता नाही, आणि चौकशी साधारण सहा महिन्यांत संपवायची असते. १२६ खाली बॉण्ड जास्तीत जास्त एका वर्षाचा. सही करायचीच असेल तरी रक्कम आणि मुदत वाचून करा, कारण पुढच्या शिमग्यात कोणी मुद्दाम खोडी काढली आणि हात उचलला गेला तर मारहाणीची केस वेगळी आणि बॉण्डचे पैसे वेगळे.

आदेश चुकीचा वाटला तर जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात जाता येतं, रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गात ओरोसला. त्याच्या वर पूर्वी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं, म्हणजे रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस न पकडता सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी येता येतं. फक्त जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर घाटात दरड आहे का ते आदल्या रात्री विचारून निघा.